पोरगी सुमार हाय

‘पोरगी सुमार हाय,’ मी म्हणाले, आणि हेडमास्तरांच्या बायकोच्या हातातला चहाचा ट्रे होता तिथंच थांबला. कपबशा किणकिणल्या तेवढ्याच. मध्यस्थ नाना टकले तोंडातलं शंकरपाळं चावायचं सोडून ते गालात धरून बसले. माझ्या शेजारी बसलेल्या अंकुशनं, म्हणजे ज्याच्यासाठी मुलगी बघायला आलो होतो त्या माझ्या लेकानं, हळूच मान खाली घातली.

‘काय म्हणालात?’ ट्रे तसाच हातात धरून इंदुमतीबाईंनी, म्हणजे मुलीच्या आईनं विचारलं.

‘सुमार म्हणाले.’

‘पुन्हा म्हणालात.’

‘तुमी पुन्हा विचारलं.’

ही गोष्ट चौतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा आमचा चिंचेचा धंदा जोरात होता. जामखेडपासून पाटोद्यापर्यंत बांधाबांधावरची उभी झाडं आम्ही उक्ती घ्यायचो. उक्ती म्हणजे तोलून नाही. झाड बघायचं, यंदा किती माल उतरेल ते सांगायचं आणि त्यावर सौदा करायचा. ते सांगणं माझ्याकडं होतं. मी झाडाभोवती एक फेरी मारायची, मान वर करायची आणि म्हणायची, ‘सात पोती आन वर घमेलंभर.’ सात पोती आणि वर घमेलंच निघायचं. एकदा दोन घमेली निघाली, तर मी चिंचा झोडपणाऱ्या गड्यांना विचारलं, शेजारच्या झाडाखालचं कुणी गोळा केलं रं? त्यांनी निमूट कबूल केलं. आमचे मालक वजनकाट्यावर बसायचे आणि काट्यानं माझ्या बोलण्याला होकार दिला की मान हलवायचे. संसारात त्यांनी बहुतेक तेवढंच काम केलं, पण मनापासून केलं.

शाळा मी दुसरीपर्यंत शिकले, तीही निम्मी. पण केशरबाई मुरकुटेनं एकदा बघितलं की ते मापात बसलंच, असं चार गावांत बोललं जायचं. मीच ते जास्त बोलायची, हे खरं आहे.

तर अंकुशची पाच स्थळं माझ्या तोंडानं मोडली, असं लोकांचं म्हणणं. मी फक्त जे दिसलं ते सांगत होते. एका मुलीचे दात मक्याच्या कणसासारखे आहेत म्हणाले. मला ओळीत म्हणायचं होतं, त्यांनी पिवळे धरले. दुसरीच्या बापाला नुसतं विचारलं, उंची एवढीच का अजून यायचीय? तिसऱ्या घरी तर मी तोंडच उघडलं नव्हतं, फक्त मुलीभोवती एक फेरी मारली. सवय. त्यावर तिची आजी म्हणाली, ‘बाई, पोरगी हाय, झाड न्हाई.’

सहाव्या स्थळाला जाताना अंकुश टेम्पो चालवता चालवता म्हणाला, ‘आई, हिला मी आधी बघितलंय. वाचनालयाच्या बाहेर. बोललोबी एकदा.’

‘काय बोललास?’

‘टेम्पो बाजूला घेऊ का म्हणालो.’

‘आन ती?’

‘घ्या म्हणाली.’

एवढ्यावर पोरगं पाघळलं होतं. एकोणतीस वर्षांचा गडी, दोन पोती दोन काखांत उचलणारा.

‘हे मोडलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जायचा न्हाई,’ तो म्हणाला. ‘तू तिथं फक्त हूं म्हणायचं. लईच लागलं तर हूं हूं.’

मी हूं म्हणाले.

आणि खरं सांगते, मी अर्धा तास हूंवर काढला. मुलीचे वडील शेळके गुरुजी मराठीचे हेडमास्तर, नुकतेच रिटायर झालेले. मवाळ माणूस. पण त्यांच्या बाईसाहेबांना दुसऱ्याचं बोलणं सुधारायची खोड होती. घसा कोरडा पडला म्हणून मी म्हणाले, ‘वाईच पाणी मिळंल का?’ तर म्हणाल्या, ‘वाईच म्हणजे थोडंसं ना? हो, आणते.’ आणलं ते पण थोडंसंच. चहाचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘साखर अंमळ जास्त.’ तर म्हणाल्या, ‘अंमळ म्हणजे किती चमचे? आम्ही मोजून घालतो.’ मग नानांनी माझी बाजू सावरायला म्हणून सांगितलं की केशरबाईंच्या हातची शेंगदाण्याची चटणी जामखेडात नावाजलेली आहे. इंदुमतीबाईंनी कृती विचारली. मी म्हणाले, ‘पसाभर शेंगदाणं घ्या.’

‘पसाभर म्हणजे किती ग्रॅम?’

मी हात पुढं केला, तळवा वाटीसारखा वळवून दाखवला. ‘येवढं.’

‘हो, पण तुमचा हात वेगळा, माझा हात वेगळा,’ त्या हसून म्हणाल्या आणि आपला तळहात माझ्या हाताशेजारी धरला. त्यांचा गोरा, इवलासा, बांगड्यांत बसलेला. माझा चिंचा फोडून काळा पडलेला, सुपाएवढा. दोन्ही हात टीपॉयवर शेजारी शेजारी दिसले. अंकुशनं पाहिलं, नानांनी पाहिलं, पडद्याआडून मुलीनंही पाहिलं असणार. मी माझा हात पदराखाली घेतला.

मग मुलगी, शैलजा, आली. बसली. गुरुजींनी कौतुकानं विचारलं, ‘काय केशरबाई, कशी वाटली आमची मुलगी?’ अंकुशनं माझ्या पायावर पाय ठेवला. पण चिंचेचा सौदा असो का पोरीचा, कसं वाटलं असं विचारल्यावर हूं म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. आणि मी म्हणाले, ते मघाशी सांगितलं.

ट्रे शेवटी टीपॉयवर आदळला.

‘आमची शैलजा बीएला पहिल्या वर्गात आली आहे,’ इंदुमतीबाई म्हणाल्या. ‘सुमार म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला? सुमार म्हणजे हलका माल.’

‘अहो, तसं न्हाई,’ नानांनी शंकरपाळं एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. ‘साधारण असं म्हणायचंय त्यांना.’

‘साधारण?’

‘म्हणजे मध्यम. म्हणजे चालण्याजोगी. आपण म्हणतो ना, उन्नीस-बीस. तशी. म्हणजे बीसच, पण उन्नीसला लागून.’

‘नाना,’ मी म्हणाले, ‘तुमी ते शंकरपाळं गिळा.’

गुरुजी चष्मा काढून पुसत बसले. शैलजा मात्र उठली नाही, रडली नाही, पदराशी चाळा केला नाही. ती माझ्याकडं बघत होती. मी झाडाकडं बघते तशी.

अंकुश उभा राहिला. ‘टेम्पो उन्हात हाय,’ तो म्हणाला. ‘सावलीला घेतो.’

दाराकडं जाताना मला त्याची मान मागून दिसली. पाच वेळा मी ही मान अशी लोकांच्या दारातून बाहेर जाताना बघितली होती आणि पाचही वेळा वाटलं होतं, जाऊ दे, मुलखात झाडं का थोडी आहेत. या वेळेला तसं वाटलं नाही. ही मान आता वर येणार नाही, असा माझा अदमास होता. आणि माझे अदमास चुकत नाहीत.

‘थांब रं,’ मी म्हणाले. ‘गुरुजी, एक इचारू? बेसुमार म्हंजी काय?’

गुरुजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. शिकवायची वेळ आली की मवाळ माणूसही ताठ बसतो. ‘बेसुमार म्हणजे अमर्याद. ज्याला मोजमाप नाही ते.’

‘जसा की बेसुमार पाऊस.’

‘बरोबर.’

‘मग ज्याला मोजमाप हाय ते काय झालं? सुमार झालं. मी दुसरी शिकलेली बाई, मला काय कळतंय. पण आमच्यात मापातल्या वस्तूला सुमार म्हणत्यात. ना उंच ना ठेंगू, ना रोड ना लठ्ठ. जितकं पायजे तितकं. पोरीला मी मापातली म्हणाले. त्यात तुमाला राग कशाचा आला?’

अंकुश उंबऱ्यात एक पाय बाहेर, एक पाय आत असा थांबला. गुरुजींच्या ओठांची हालचाल झाली. ते मनातल्या मनात ‘बेसुमार, सुमार’ म्हणून बघत होते.

‘इंदू,’ ते म्हणाले, ‘ह्यांचं म्हणणं व्याकरणाला धरून आहे.’

‘व्याकरण राहू द्या,’ इंदुमतीबाई म्हणाल्या. ‘कोशात काय आहे ते बघा.’

गुरुजी आत गेले आणि फडक्यात बांधलेला शब्दकोश घेऊन आले. गाठोडं इतकं जपून आणलं की मला वाटलं आत दही आहे. टीपॉयवरची शंकरपाळी बाजूला सारून त्यांनी ते सोडलं आणि पानं उलटायला लागले. स च्या पानांना फार वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. नानांनी तेवढ्यात आणखी दोन शंकरपाळी संपवली.

‘हं. सुमार,’ गुरुजींनी वाचलं. ‘पहिला अर्थ: माप, मर्यादा, प्रमाण. तसेच अंदाज, अदमास, अजमास, अटकळ.’ त्यांनी मान वर केली. चेहरा नुसता उजळला होता. ‘केशरबाई, तुमचा अर्थ पहिला आहे.’

‘मग दुसराही असेल,’ इंदुमतीबाई म्हणाल्या. ‘तो वाचा.’

गुरुजींचा आवाज उतरला. ‘दुसरा: साधारण, हलक्या प्रतीचा.’

‘झालं तर.’

‘पण पहिला पहिला असतो, इंदू. आणि खेड्यातल्या बोलण्यात शब्दांचा जुना अर्थ जिवंत राहतो, हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आलोय. आज प्रत्यक्ष ऐकलं.’ त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच एक जुना अर्थ आहे. ‘केशरबाई, अदमास आणि अजमास यात तुम्ही काही फरक करता का?’

‘करतो की. अदमास म्हंजी बघून सांगायचं. अजमास म्हंजी जरा हात लावून, उचलून सांगायचं. आन अटकळ म्हंजी न बघता, लोकांचं ऐकून. अटकळीवर मी झाड घेत न्हाई.’

हे सगळं मी तिथंच रचलं होतं. पण गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढून कोशाच्या कोऱ्या कडेवर लिहून घेतलं.

‘आणि पसा?’

‘पसा एका हाताचा, ओंजळ दोन हातांची. चिमूट दोन बोटांची, तीन बोटं लागली तर तुमी हावरट.’

नाना हसले. गुरुजीही हसले. अंकुशचा बाहेरचा पाय आत आला. इंदुमतीबाई हसल्या नाहीत. ‘ऐकायला छान आहे,’ त्या म्हणाल्या, ‘पण हाताच्या मापाची काही खात्री नसते.’

मग मला राहवलं नाही. मी कोश मिटला, फडकं बाजूला केलं आणि तो एका हातावर घेऊन खालीवर केला. ‘दीड किलोला पसाभर कमी.’

‘पसाभर कशाचा?’ गुरुजींनी विचारलं. हाडाचा मास्तर.

‘शेंगदाण्याचा.’

पुढं जे झालं ते बघितल्याशिवाय खरं वाटणार नाही. गुरुजींनी कोश पुन्हा फडक्यात बांधला, पायात चपला घातल्या आणि समोरच्या वाण्याच्या दुकानात निघाले. त्यांच्या मागून, वजन नीट होतंय ना बघायला, नाना. मुलगी बघायचा कार्यक्रम होता, आणि मुलीचा बाप मुलगी सोडून पुस्तक तोलायला गेला. खिडकीतून मला दिसलं, वाण्यानं तराजूच्या एका पारड्यात कोश ठेवला आणि गुरुजींच्या तोंडाकडं असं बघितलं की रद्दी द्यायचीय का असं विचारायचा त्याला धीर होत नव्हता.

‘एक किलो चारशे चाळीस,’ गुरुजी दारातूनच म्हणाले.

‘म्हणजे चुकलंच,’ इंदुमतीबाई म्हणाल्या. ‘पसा साठ ग्रॅमचा असतो होय?’

‘फडकं धरून का सोडून?’ मी विचारलं.

गुरुजींनी हातातल्या गाठोड्याकडं बघितलं. ‘फडकं धरून.’

‘मी सोडून सांगितलं हुतं. फडक्याचे चाळीस वजा करा. उरले चौदाशे. पसा शंभराचा. माझ्या हाताचा. वैनींचा कमी भरंल.’

आता इंदुमतीबाईंनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. मला बरं वाटलं. लईच बरं वाटलं.

गुरुजी तर असे खूश होते की तिथंच सुपारी फोडायच्या बेतात होते. पण शैलजा, जी एवढा वेळ एक शब्द बोलली नव्हती, ती उठली आणि म्हणाली, ‘मावशी, जरा मागं येता का? चटणीचं विचारायचंय.’

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी ती उभी राहिली. दोरीवर गुरुजींचे सदरे वाळत होते. तिनं चटणीचं काही विचारलं नाही.

‘बाबा शब्दाचा अर्थ कोशात बघतात,’ ती म्हणाली. ‘मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघते. सुमार म्हणताना तुमचा ओठ डावीकडं वर गेला होता.’

माझा हात आपसूक ओठाकडं गेला.

‘कोशात दोन अर्थ आहेत. तुमच्या तोंडात एकच होता. कोणता?’

आता खरी गोष्ट सांगते, जी मी पुढं ना मालकांना सांगितली ना नानांना. बेसुमारचा डाव मला सुचला तो अंकुश दाराकडं चालला तेव्हा. त्याच्या आधी माझ्या मनात माप नव्हतं आणि मर्यादाही नव्हती. त्या बाईनं माझ्या हाताशेजारी आपला हात धरला होता आणि मला कुठंतरी त्याचं उट्टं काढायचं होतं. मुलगी समोर आली. नाकीडोळी नीट, बसणं-उठणं नीट, दहा मुलींत उठून दिसावी अशी. खोट काढायला जागाच नव्हती, तर मी अख्खी पोरगीच हलकी करून टाकली.

पहिला अर्थ म्हटलं असतं तर लग्न जमलंच होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. पण खोटा अदमास सांगणारा माणूस माझ्यासमोर आला की मला तो जागच्या जागी कळतो, आणि ही पोरगी माझ्याकडं त्याच डोळ्यांनी बघत होती. तिला कळलं असतं. मग ती जन्मभर मला तोलत बसली असती.

‘दुसरा,’ मी म्हणाले.

‘हलक्या प्रतीची.’

‘व्हय. पण ते तुझं माप न्हवतं. तुझ्या आईनं माझा पसा काढला, त्याचा राग हुता. तू अशी न्हाईस. ते बघितल्या बघितल्या दिसतंय.’ पाच स्थळं मोडली तेव्हाही मी हे कुणाला म्हटलं नव्हतं. ‘माझं चुकलं. पोराचा त्यात काय दोष न्हाई. तो चांगला हाय. त्याला माझ्यासंगट तोलू नगंस.’

शैलजा गुरुजींच्या सदऱ्याची बाही सरळ करत राहिली. मला वाटलं, संपलं. आता आत जाऊन हिनं एक शब्द सांगायचा आणि आम्ही टेम्पोत बसायचं. आणि अंकुश जामखेडपर्यंत एक अक्षर बोलणार नाही, आणि पुढंही.

‘तुमचा मुलगा वाचनालयाबाहेर भेटला होता,’ ती म्हणाली. ‘टेम्पो बाजूला घेऊ का म्हणाला.’

‘सांगितलं त्यानं.’

‘टेम्पो बाजूलाच होता, मावशी. मी घ्या म्हणाले, तर त्यानं तो घेऊन गटारात घातला. मग चार माणसं बोलावून वर काढला. सगळा वेळ माझ्याकडं बघून हसत होता.’

हे अंकुशनं सांगितलं नव्हतं.

‘घरी आल्यावर आईनं विचारलं, नानांनी सुचवलेला तो मुरकुट्यांचा मुलगा कसा आहे? तर मी म्हणाले, सुमार आहे.’

‘कुठल्या अर्थानं?’

‘दुसऱ्या.’

मी तिच्याकडं बघितलं. तिचा ओठ डावीकडं वर गेला होता. मला राग यायला हवा होता. माझ्या पोटच्या गोळ्याला ती हलका माल म्हणत होती, तोंडावर, स्वतःच्या धुण्याच्या दगडाशेजारी उभी राहून. पण राग काही आला नाही. असा ऐवज आपल्या घरात यावा आणि बाहेर जाऊ नये, एवढंच वाटलं.

‘मग आता?’ मी विचारलं.

‘आता परत बघितला. उंबऱ्यात एक पाय टाकून उभा होता तेव्हा. तुम्ही तोंड उघडलंत की याचा जीव वरखाली होतो. तरीही तुम्हाला घेऊन आला. एकटा नाही आला.’ तिनं बाही सोडली. ‘थोडा वर धरायला हरकत नाही.’

‘वाईच?’

‘अंमळ,’ ती म्हणाली.

आम्ही आत गेलो. सगळे उभे होते. अंकुशचं तोंड असं झालं होतं की त्याला तोलायचं म्हटलं असतं तर काटा हललाच नसता.

‘काय झालं चटणीचं?’ इंदुमतीबाईंनी विचारलं.

‘जमतंय, आई,’ शैलजा म्हणाली. ‘दोन्ही बाजूंनी सुमार आहे.’

गुरुजींचा आनंद मावेना. त्यांनी टीपॉयवर कोश उघडला, ते पान काढलं आणि पेन्सिलीनं पहिल्या अर्थाखाली रेघ ओढली. ठळक, पट्टी लावून. इंदुमतीबाई मान लांब करून बघत होत्या. मी भिंतीकडं बघत होते आणि शैलजा छताकडं, कारण एकमेकींकडं बघितलं असतं तर दोघींच्याही तोंडून दुसरा अर्थ बाहेर पडला असता.